संघाचा सूत्रधार

नागपूर शहराच्या उत्तर भागात जरीपटका नावाची गजबजलेली वस्ती आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे येऊन राहिली आणि त्यांनी आपल्या कष्टाने येथील बाजार उभा केला. वस्ती अशी अलीकडची असली, तरी जरीपटका हा शब्द फार जुना आहे. मराठी फौजेचे जे मानाचे जरीचे निशाण, त्याला जरीपटका म्हणत. मोहिमेवर निघालेल्या फौजेत हे निशाण मुख्य सरदाराबरोबर असे. लढाई जिंकली, तर पहिला मान त्याचा; आणि हरली, तर पहिला बोलही त्यालाच.

या वस्तीजवळून उत्तरेस जाणारा रस्ता कामठीला पोहोचतो. कामठीची लष्करी छावणी १८२१ सालची. हॉकीचा खेळ आपल्या देशात इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला, आणि अशाच छावण्यांच्या मैदानांवरून तो आसपासच्या गावांत व शहरांत पसरला. त्यामुळे नागपूरसारख्या शहरात हॉकीची आवड असलेली जुनी माणसे भेटली, तर त्यात नवल नाही.

२००८ सालच्या मार्च महिन्यात अशा माणसांना एक अत्यंत दुःखद बातमी ऐकावी लागली. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सांतियागो या राजधानीत ऑलिंपिकसाठी पात्रता स्पर्धा चालू होती. रविवार, ९ मार्च रोजी तिचा अंतिम सामना झाला. त्यात ब्रिटनने भारताचा दोन गोलांनी पराभव केला आणि भारताला एकही गोल करता आला नाही. याचा अर्थ असा, की त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ दिसणार नव्हता. १९२८ साली भारताने ॲम्स्टरडॅम येथे पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून भारतीय संघावाचून ऑलिंपिकची हॉकी झाली नव्हती. ऐंशी वर्षांची ती परंपरा त्या दिवशी तुटली. संघाचे प्रशिक्षक जोआकिम कार्व्हालो हे मुंबईचे. ते स्वतः १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले होते. त्यांनी पराभवाची जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

आता संघाची सूत्रे कोणाच्या हाती द्यावीत, हा प्रश्न देशभर चर्चेला आला. त्या दिवसांत जरीपटक्याच्या बाजारातही सकाळच्या चहाबरोबर हीच चर्चा रंगली असेल. ती कशी चालली असेल, याची कल्पना करणे मुळीच कठीण नाही. एक कापडाचे दुकानदार शेठजी, एक रेल्वेतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ, एक महाविद्यालयात शिकणारा तरुण आणि वृद्ध गृहस्थांचा बोट धरून आलेला बारा वर्षांचा नातू, अशी मंडळी बाकावर बसली आहेत असे समजा.

“आता परदेशी प्रशिक्षक आणल्याखेरीज गत्यंतर नाही,” तरुण म्हणाला. “काका, जगातली हॉकी पार बदलली. आपण मात्र जुन्याच कौतुकात बसलो. रिक चार्ल्सवर्थसारखा माणूस आपल्याकडे सल्लागार म्हणून आलेला आहे. त्याच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्याच्याच हाती सारा कारभार सोपवा ना!”

वृद्ध गृहस्थांना हे रुचले नाही. “अरे, परदेशी माणूस आणून पाहिला नाही का? २००४ साली अथेन्सला जायच्या तोंडावर राजिंदर सिंग यांना काढले आणि जर्मनीहून गेरहार्ड राख यांना आणले. मुलांची नावे पाठ होईपर्यंत स्पर्धा आली. सातवे आलो आपण. ज्याला मुलांची भाषा कळत नाही, त्यांच्या घरची परिस्थिती ठाऊक नाही, तो त्यांच्या मनात काय उतरणार?”

“तुमचे दोघांचेही चुकते आहे,” शेठजी शांतपणे म्हणाले. “दुकान तोट्यात गेले की मालक गुमास्ता बदलतो, पण मालकाला कोण बदलणार? के. पी. एस. गिल १९९४ पासून हॉकी महासंघाचे अध्यक्ष आहेत. चौदा वर्षांत किती प्रशिक्षक आले आणि गेले! गादीवरचा माणूस मात्र तोच.”

वाद असा तापत चालला असताना त्या मुलाने विचारले, “आजोबा, सप्टेंबर महिन्यात चेन्नईला आपण आशिया चषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक कोण होते?”

कोणी चटकन बोलले नाही. कारण तेव्हाही प्रशिक्षक कार्व्हालोच होते. ९ सप्टेंबर २००७ रोजी चेन्नईच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा सात विरुद्ध दोन गोलांनी धुव्वा उडवला होता. त्या वेळी हेच प्रेक्षक प्रशिक्षकाचे गुणगान करीत होते. सहा महिन्यांत त्याच माणसाची विद्या कोठे गेली? मुलाचा प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यावयाचे, तर संघाचा सूत्रधार नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

संघाचा कारभार एका माणसाच्या हाती नसतो. खेळाडू निवडते ती निवड समिती. त्यांना डावपेच शिकवतो, त्यांची तयारी करून घेतो तो प्रशिक्षक. प्रवास, निवास, शिस्त आणि सुखदुःख पाहतो तो व्यवस्थापक. मैदानावर संघाला सांभाळतो तो संघनायक. आणि या सर्वांना नेमणारा, पैसा पुरवणारा आणि वेळ पडल्यास काढून टाकणारा असतो तो महासंघ. जुन्या काळी प्रशिक्षकाचे पद आजच्याइतके मोठे नव्हते. संघाबरोबर जाणारा व्यवस्थापकच बहुतेक सर्व गोष्टींचा निर्णय करी.

१९३६ सालची गोष्ट पाहा. मेजर ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ बर्लिनला पोहोचला. स्पर्धेपूर्वी जर्मनीशी एक सरावाचा सामना झाला आणि त्यात भारत एक विरुद्ध चार गोलांनी हरला. जगज्जेत्या संघाला हा मोठाच धक्का होता. त्या रात्री अनेक खेळाडूंनी अंथरुणाला पाठ लावली नाही, असे ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. संघाचे व्यवस्थापक होते स्वामी जगन्नाथ आणि त्यांच्या जोडीला होते पंकज गुप्ता. त्यांनी आणि ध्यानचंदांनी कोणाला दोष देत बसण्याऐवजी आघाडीच्या फळीत उणीव कोठे आहे, याचा विचार केला आणि दारा नावाच्या खेळाडूला ताबडतोब धाडावे, असा निरोप हिंदुस्थानात पाठवला. त्या काळी विमानप्रवास ही केवढी अपूर्वाईची गोष्ट! तरीही दारा उपांत्य सामन्याच्या वेळेस बर्लिनमध्ये हजर झाला. त्या सामन्यात फ्रान्सवर दहा गोल झाले. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात समोर पुन्हा तीच जर्मनी उभी होती. मैदानात उतरण्यापूर्वी पंकज गुप्तांनी आपल्याजवळचा तिरंगा काढला आणि परवशतेत असलेल्या देशाच्या त्या खेळाडूंनी त्याला वंदन केले. भारताने तो सामना आठ विरुद्ध एक असा जिंकला.

व्यवस्थापकाच्या एका निर्णयाने पारडे कसे फिरते, याचे याहून नेमके उदाहरण १९७५ सालच्या विश्वचषकाचे आहे. तेव्हा बलबीर सिंग हे व्यवस्थापक होते. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या संघांत ते खेळलेले. क्वालालंपूरला जाण्यापूर्वी चंडीगड येथे शिबिर भरवून त्यांनी संघाची कसून तयारी करून घेतली. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी होता. मैदान प्रेक्षकांनी फुलून गेलेले, भारत एक विरुद्ध दोन असा मागे आणि सामना संपण्यास अवघी काही मिनिटे उरलेली. अशा वेळी बलबीर सिंगांनी बाकावर बसलेल्या अस्लम शेर खान या तरुणाला मैदानात धाडले. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लमने गळ्यातील तावीज ओठांना लावला आणि चेंडू गोलात मारला. बरोबरी झाली, जादा वेळेत हरचरण सिंगने विजयी गोल केला. पुढे १५ मार्च रोजी पाकिस्तानला दोन विरुद्ध एक असे हरवून भारताने विश्वचषक जिंकला. त्यातील विजयी गोल अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा.

बलबीर सिंगांनी स्वतः एकही गोल केला नाही. बाकावर कोण बसला आहे, त्याच्या अंगी काय आहे आणि त्याला केव्हा उठवावे, एवढेच त्यांना ठाऊक होते. पण हे ‘एवढेच’ ठाऊक होण्यासाठी शिबिरातील कित्येक दिवस त्या मुलांसोबत घालवावे लागले होते.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे घडले आहेत, आणि ते सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी व्हायची नाही. १९९८ साली बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने बत्तीस वर्षांनंतर सुवर्णपदक मिळवले. संघनायक होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले आणि प्रशिक्षक होते एम. के. कौशिक. संघ परतला, त्याचे हारतुरे झाले, आणि लवकरच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले व कौशिक यांचेही पद गेले. हरल्यावर सूत्रधार बदलण्याला निदान काही कारण तरी असते. येथे तर जिंकलेल्यालाच घरी पाठवले गेले! अशा घरात कोणी मन लावून काम करावे तरी कसे?

आणखी एक अडचण होती, आणि तिला कोणताही प्रशिक्षक एकटा पुरा पडला नसता. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच हिरवळीऐवजी कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. हिरवळीवर चेंडू कोठे उसळतो, कोठे मंद होतो. तेथे मनगटाचे कसब आणि चेंडू काठीशी बिलगून ठेवण्याची कला यांना फार किंमत होती. भारताचे सारे वैभव त्या कलेवर उभे होते. कृत्रिम मैदान पाणी शिंपडून ओले केलेले असते. त्यावर चेंडू सरळ आणि अतिशय वेगाने धावतो. तेथे दम, वेग आणि लांबचे अचूक फटके यांना महत्त्व आले. युरोपातील लहान लहान देशांनीही अशी पुष्कळ मैदाने तयार केली. आपल्याकडे मात्र मुले मातीवर खेळत मोठी होत आणि देशाकडून खेळण्याची वेळ आली, म्हणजे नव्या मैदानाची ओळख करून घेत. मॉन्ट्रिअलला भारत सातवा आला. विहिरीत पोहायला शिकलेल्याला एकदम पुराच्या नदीत उतरवावे, तशी ही गत होती.

तात्पर्य, जरीपटक्याच्या बाकावरचा कोणीही सर्वस्वी चुकत नव्हता आणि कोणाचे संपूर्ण बरोबरही नव्हते. पुढे जे घडले, त्याने तिघांनाही आळीपाळीने खरे ठरवले.

शेठजींचे म्हणणे सर्वांत आधी खरे झाले. २८ एप्रिल २००८ रोजी भारतीय ऑलिंपिक संघटनेने हॉकी महासंघाला निलंबित केले. गिल यांची सत्ता संपली आणि पाच माजी खेळाडूंची हंगामी समिती नेमण्यात आली. तिचे प्रमुख होते अस्लम शेर खान. होय, बलबीर सिंगांनी बाकावरून उठवलेला तोच तरुण! धनराज पिल्ले, अशोककुमार, अजितपाल सिंग आणि जफर इक्बाल हे इतर सदस्य होते. पण चार्ल्सवर्थ यांना येथे मनाजोगे काम करता आले नाही. त्याच वर्षी ते नाराज होऊन निघून गेले आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरली. अंतिम सामन्यात भारतासमोर चार्ल्सवर्थ यांचा ऑस्ट्रेलिया उभा राहिला. ऑस्ट्रेलियाने आठ गोल केले. भारताच्या नावापुढे शून्य राहिले.

त्या वेळी भारताचे प्रशिक्षक होते स्पेनचे होसे ब्रासा. १९९२ साली स्पेनच्या महिलांना ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा जाणकार माणूस. पण २०१० च्या जानेवारीत पुण्यातील शिबिरात खेळाडूंनीच थकलेल्या पैशांसाठी सराव बंद ठेवला. विश्वचषक तोंडावर आला होता आणि मैदान ओस पडले होते. काही दिवसांनी तडजोड झाली. परंतु ज्याच्या शिष्यांना वेळेवर मोबदला मिळत नाही, त्या गुरूने कोणते डावपेच शिकवावेत?

ब्रासा गेले, मायकेल नॉब्स आले. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये बारा संघांत भारत बारावा आला. मग टेरी वॉल्श आले. त्यांच्या काळात २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी पद सोडले. पॉल व्हॅन अ‍ॅस काही महिने राहिले. रोलंट ओल्टमन्स यांना २०१७ साली निरोप मिळाला. श्योर्ड मरायने यांनी त्यांची जागा घेताच त्याच वर्षी ढाक्यात भारताने आशिया चषक जिंकला. त्या संघात यवतमाळचा गोलरक्षक आकाश चिकटे होता, म्हणून विदर्भात विशेष आनंद झाला. परंतु पुढल्याच वर्षी मरायने जाऊन हरेंद्र सिंग आले आणि २०१९ च्या आरंभी हरेंद्र सिंगही गेले. परदेशी आणि देशी, सर्वांना एकच न्याय लागू होता.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड आले. या वेळी परिस्थिती थोडी वेगळी होती. २०१८ पासून ओडिशा राज्याने राष्ट्रीय संघांना आर्थिक आधार दिला होता. २०२० साली कोरोनाच्या साथीने देश बंद झाला, तेव्हा खेळाडू बंगळूरच्या क्रीडाकेंद्रातच अडकून पडले आणि रीडही तेथेच त्यांच्याबरोबर राहिले. कित्येक आठवडे मैदानावर जाता येईना. घरापासून दूर, एका आवारात, एकमेकांची सुखदुःखे ऐकत ते दिवस गेले. बलबीर सिंगांच्या चंडीगडच्या शिबिराची येथे आठवण होते.

एक वर्ष पुढे ढकललेले टोकिओ ऑलिंपिक २०२१ साली झाले. दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारतावर सात गोल चढवले. भारताचा एकच झाला. २५ जुलैची ती संध्याकाळ. सांतियागोच्या दिवसांत जे बोल ऐकू आले, तेच पुन्हा ऐकू येऊ लागले. परंतु या वेळी संघात पळापळ झाली नाही. त्याच प्रशिक्षकाने त्याच मुलांना घेऊन पुढला सामना खेळला आणि स्पेनला हरवले. ५ ऑगस्टला कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. भारत एक विरुद्ध तीन असा मागे पडला, मग त्याने पाच विरुद्ध तीन अशी आघाडी घेतली आणि जर्मनीने चौथा गोल केला. सामना संपण्यास काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरक्षक श्रीजेशने तो फटका अडवला. एकेचाळीस वर्षांनी भारताच्या हॉकी संघाला ऑलिंपिक पदक मिळाले.

त्यानंतर दीड वर्षाने, २०२३ च्या जानेवारीत, विश्वचषक ओडिशात भरला. घरच्या मैदानावर भारत उपान्त्यपूर्व फेरीही गाठू शकला नाही, आणि रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन यांची नेमणूक झाली. बाजारातल्या बाकांवर पुन्हा वाद सुरू झाला: हा माणूस योग्य की अयोग्य, देशी का नाही, आधीचाच का राहू दिला नाही? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला दोन विरुद्ध एक असे हरवून पुन्हा कांस्यपदक घेतले. २००८ साली आजोबांच्या शेजारी बसलेला तो बारा वर्षांचा मुलगा एव्हाना अठ्ठावीस वर्षांचा झाला असेल, आणि कदाचित त्याच बाकावर बसून, हातात चहाचा पेला घेऊन, आता तो स्वतःच कोणाशी तरी तावातावाने भांडत असेल.